बिनडोळ्यासाठी टँकर

कोणताही जिल्हा पाण्यावाचून चालू शकतो, पण जिल्हाप्राण्यावाचून चालू शकत नाही. हे सत्य पुष्कळांना पटत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी आयुष्यात कधी जिल्हा काढलेला नसतो. मी काढलेला आहे. म्हणजे अगदी काढत आणला होता.

आधी माझी ओळख करून देतो, नाहीतर हा कोण टिकोजीराव असं तुम्ही म्हणाल. मी चंद्रप्पा. नांदेड जिल्हा जिथं संपतो आणि लातूर जिल्हा जिथं सुरू व्हायला कंटाळा करतो, तिथल्या एका तहसील कार्यालयात टंचाई कक्षाचा अव्वल कारकून. टंचाई कक्ष ही आमच्या कार्यालयातली अशी एकमेव खोली आहे की जिथं कशाचीही टंचाई नाही. (पंखा आहे, माठ आहे, माठावर झाकण आहे, झाकणावर ओगराळं आहे.) लोक मला भाऊसाहेब म्हणतात आणि पाठीमागं काय म्हणतात ते मी विचारत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही हकीकत. त्याच उन्हाळ्यात नांदेडचे काही तालुके आणि लातूरचे काही तालुके मिळून एक नवा जिल्हा व्हायचं ठरलं. त्याचं नाव ठरलं नव्हतं, मुख्यालय ठरलं नव्हतं, हद्द ठरली नव्हती. जिल्हा तेवढा ठरला होता. कागदोपत्री त्याला ‘नियोजित जिल्हा’ म्हणत. कृती समितीचे अध्यक्ष माणिकप्पा, हे सिमेंटचे मोठे व्यापारी. त्यांनी दुकानावरची पाटी पुसून ‘जिल्हा सिमेंट’ अशी रंगवून घेतली आणि दोन रुपये भावही वाढवला, कारण आता ते तालुक्याचं सिमेंट राहिलं नव्हतं.

प्रस्तावासोबत जिल्हावृक्ष, जिल्हापक्षी आणि जिल्हाप्राणी अशी तीन बोधचिन्हं जोडायची होती. वृक्ष म्हणून बाभळीची निवड झाली. (ती उभी होती, ही एकच अट होती आणि ती तिनं पूर्ण केली.) पक्षी म्हणून कावळा सुचवण्यात आला, परंतु कावळे केव्हाच नांदेडला गोदावरीच्या काठी निघून गेले होते आणि मुख्यालय सोडताना त्यांनी कोणाचीही परवानगी घेतली नव्हती. शेवटी घारीवर भागवलं. प्राण्यापाशी मात्र घोडं अडलं. घोडासुद्धा चालला असता, पण तोही नव्हता. हरणं होती, ती हद्द ओलांडून पलीकडच्या राज्यात गेली. ससे होते, त्यांचं काय झालं हे समितीच्या दोन सदस्यांना ठाऊक होतं, पण ते इतिवृत्तात घेऊ नये असं एकमतानं ठरलं.

इकडे भुईसांगवी नावाचं एक गाव होतं. अजूनही आहे म्हणा. हे गाव नव्या जिल्ह्यात जाणार, म्हणून आम्ही ते टँकरच्या यादीतून कमी केलं, कारण निघालेल्या गावाला पाणी पाजून पाठवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. शेजारच्या तहसीलनं ते यादीत घेतलं नाही, कारण ते त्यांचं कधीच नव्हतं. आणि नव्या जिल्ह्याकडे टँकर नव्हते, कारण नवा जिल्हाच नव्हता. यात कोणाचीही चूक नाही. मी स्वतः तपासलं. इतकी निर्दोष व्यवस्था मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

ही निर्दोष व्यवस्था भुईसांगवीच्या चांगुणाबाईंना काही केल्या समजेना. दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, ही बाई यायची आणि रिकामी घागर माझ्या टेबलावर आदळायची. रिकामी घागर टेबलावर ठेवणं हा शासकीय कामात अडथळा होतो का, हे मी नियमांत पाहिलं. भरलेली ठेवली तर होतो.

“भाऊसाहेब, म्या तुमाला काई सोनंनाणं मागून राहिले का?” ती म्हणायची. “लेक माजी पोटुशी हाय. पंचफुला. अर्धापूरला दिलीया. सातवा सरून आठवा लागला. पयलं बाळंतपण हाय, आईच्या दारात व्हाया नको का?”

“व्हायलाच पाहिजे,” मी म्हणायचो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कायद्याहून वरचं आहे.

“मंग? व्याही काय म्हन्तो ठावं हाय का? पानी दाखवा अन् लेक न्या, म्हन्तो. बाळंतपण काय राखेनं करता का, म्हन्तो. तोंडावर म्हन्ला! त्याच्या केळीला दिवसभर पानी, अन् आमच्या बाळंतिनीला तांब्याभर न्हाई. लेक फोनवर रडती, आये, मला इथं नगं, मला तुज्यापाशी यायचंय. आता म्या काय सांगू तिला?”

इथं तिचा आवाज फाटायचा आणि ती पदरानं डोळे पुसायची. मलाही वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. मी तिला माठातलं ओगराळंभर पाणी द्यायचो आणि सांगायचो की जिल्हा होऊ द्या, पहिला टँकर भुईसांगवीला. तिनं एकदा विचारलं, जिल्हा किती म्हयन्याचा हाय? मी म्हटलं, दिवस भरत आलेत. “मंग त्याचं बाळंतपण कोन करून राहिलंय?” तिनं विचारलं. ह्या प्रश्नाला अजून उत्तर पाठवायचं राहिलेलं आहे.

आता लेण्याकडे वळू. भुईसांगवीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक लेणं आहे. जुनं आहे, अर्धवट कोरलेलं आहे. कोरणारे मधेच का सोडून गेले कोणाला ठाऊक नाही. (माझ्या मते निधी संपला असावा.) लेण्याच्या मागच्या भिंतीला एक भगदाड आहे आणि त्याच्या पलीकडे खरी गुहा, चांगली लांबरुंद, काळीकुट्ट, आणि त्या उन्हाळ्यातही भिंतींना किंचित ओल असलेली. पिण्याजोगं पाणी नाही, नुसती ओल. हात फिरवला तर हाताला थंड लागेल एवढीच.

उदगीरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक भीमाशंकर हे सुट्टीत असल्या भगदाडांत घुसत असतात. संसारी माणूस आहे, पण छंदाला औषध नाही. ते त्या गुहेत पोटावर सरपटत गेले आणि तासाभरानं धुळीनं माखून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत बाहेर आले. (त्या शिवारात महिनाभरात निघालेलं हे पहिलं पाणी.) त्यांच्या हातातल्या काचेच्या नळीत जवसाच्या दाण्याएवढा एक पांढुरका, आठ पायांचा जीव होता.

“चंद्रप्पा, हे नवीन आहे!” ते माझे दोन्ही खांदे हलवत म्हणाले. “जात नवीन नाही हो, अख्खी प्रजातीच नवीन आहे! जगात दुसरीकडे कुठंच नाही! फक्त भुईसांगवीत!”

कोळ्याच्या भावकीतला, विंचवाच्या सोयरिकीतला. पण कोळ्यासारखं जाळं नाही आणि विंचवासारखी नांगी नाही. म्हणजे नातेवाईक मोठे, घरात काही नाही. प्राध्यापकांनी त्याला लॅटिनमध्ये एक नाव दिलं, ते म्हणताना जीभ दोनदा उलटी करावी लागते. त्याचं कूळही वेगळं आहे असं त्यांनी सांगितल्यावर आमच्या तलाठ्यानं काळजीनं विचारलं की मग ह्याला कूळकायदा लागू होऊन गुहा ह्याच्या नावावर होते काय. गावकऱ्यांनी त्याला एका शब्दात नाव दिलं: बिनडोळ्या.

कारण त्याला डोळे नाहीत. कृती समितीच्या सभेत प्राध्यापकांनी त्याचे गुण वाचून दाखवले तेव्हा सभा हळूहळू खुर्चीच्या टोकावर आली. त्याला दिसत नाही, त्यामुळे रस्त्याबद्दल त्याची तक्रार नाही. तो पाणी पीत नाही, भिंतीची ओल अंगात जिरवतो. खायला मिळालं नाही तर महिनोन्महिने तसाच राहतो आणि मोर्चा काढत नाही. सगळ्यांत पुढचे दोन पाय तो चालायला वापरत नाही. ते लांब करून चाचपत चाचपत जातो. धोका जाणवला की हालचाल बंद करून जागच्या जागी थांबतो. (हे ऐकून आमचे तहसीलदार साहेब मला हळूच म्हणाले, ‘फार समंजस आहे हो.’) जन्मल्यापासून मरेपर्यंत एकाच दगडाखाली राहतो, बदलीसाठी अर्ज करत नाही.

माणिकप्पा उठून उभे राहिले. “असा नागरिक,” ते गहिवरून म्हणाले, “असा नागरिक मी आजवर पाहिला नाही. हाच आमचा जिल्हाप्राणी!” टाळ्यांचा कडकडाट झाला. लगेच पेंटरला बोलावून चित्र काढून घेण्यात आलं. पेंटरनं त्याला दोन टपोरे डोळे काढले, कारण डोळ्यांशिवाय तो त्याला ओळखीचा वाटेना. प्राध्यापकांनी हरकत घेतली, तेव्हा डोळे तसेच ठेवून वर काळा चष्मा चढवण्याचा मधला मार्ग निघाला.

सगळं छान चाललं होतं आणि प्राध्यापकांनी माशी शिंकवली. ते म्हणाले, गुहेतली ओल उतरत चालली आहे. ओल गेली की हा जीव गेला. आणि हा गेला की पृथ्वीवरून गेला.

बाप रे! काय धावपळ उडाली म्हणून सांगू! प्राणी नाही तर बोधचिन्ह नाही, बोधचिन्ह नाही तर प्रस्ताव नाही, प्रस्ताव नाही तर जिल्हा नाही, आणि माणिकप्पांची पाटी तर ऑइलपेंटची होती. साहेबांनी दुपारचं जेवण अर्ध्यावर टाकलं. (संपूर्ण दुष्काळातला हा एकच प्रसंग.) शोधाशोध करता ‘बोधचिन्ह जतन’ या नावाखाली तरतूद सापडली. साहेब म्हणाले, “चंद्रप्पा, पाणी द्या त्याला.”

पण शासकीय पाणी असं देता येत नाही. डोकी लागतात. माणशी वीस लिटर, मोठ्या जनावराला पस्तीस, लहान जनावराला दहा, असा आमच्याकडे हिशेब आहे. बिनडोळ्या लहान जनावर आहे, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. तेव्हा त्याची गणना करण्यासाठी मी जातीनं गुहेत गेलो. डोळे नसले तरी मोबाइलचा उजेड टाकला की ते पळायचे, नाही टाकला तर मला दिसायचे नाहीत. अशा परिस्थितीत डोकी मोजणं अशक्य. म्हणून मी पाय मोजले आणि आठानं भागलं. भागाकार चार हजार एकशे बारा आला आणि बाकी तीन उरली. (हे तीन पाय कोणाचे, याबद्दल प्राध्यापकांकडून खुलासा मागवला आहे.) दर डोई दहा लिटरप्रमाणे झाले चार टँकर आणि वर थोडं. वरचं थोडं साहेबांनी काटकसर म्हणून कापलं आणि दुष्काळात आपणही काही सोसलं पाहिजे असं सांगितलं.

भुईसांगवीची लोकसंख्या नऊशे. त्यांना दीड-दोन टँकर पुरले असते. पण त्यांच्यासाठी तरतूद नव्हती आणि त्यांची प्रजातीही दुर्मिळ नव्हती.

टँकर सुरू झाले तो सोहळा बघण्यासारखा होता. पहिल्या टँकरला आंब्याची पानं बांधली होती. माणिकप्पांनी नारळ फोडला आणि नारळातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून स्वतः पिऊन टाकलं. टँकर गावातून, दोन्ही बाजूंना घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांच्या मधून, डुचमळत वर लेण्याकडे गेला. मागं सांडलेल्या ओल्या पट्ट्यावरून बाया अनवाणी चालल्या. एक म्हातारी तर पट्ट्यावर नुसती उभीच राहिली. बरं वाटतंय म्हणाली.

लेण्याच्या तोंडाशी होमगार्ड बसवला होता. आत दोन माणसं पाइपानं भिंती भिजवत होती, हळूहळू, लग्नात गुलाबपाणी शिंपडावं तशी. खाली ओघळलेलं पाणी चरातून परत दगडांच्या खाली सोडायचं, अशी स्पष्ट सूचना होती. बिनडोळ्याचं पाणी माणसानं पिणं म्हणजे निधी दुसरीकडे वळवणं. त्यात माझी पेन्शन जाते.

चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. “भाऊसाहेब,” ती म्हणाली, “तुमचा मास्तरच म्हन्ला ना, त्याला तहान लागत न्हाई?”

“बरोबर आहे.”

“अन् टँकर त्यालाच?”

“ज्याला तहान लागते त्याला कितीही पाजलं तरी तो पुन्हा मागतो,” मी समजावलं. “ज्याला लागत नाही त्याला एकदा दिलं की उपकाराची जाण राहते.”

मग तिनं मला मंजुरीचा आदेश वाचून दाखवायला सांगितला. आदेश मीच लिहिला होता. आपण लिहिलेलं कोणी ऐकतंय म्हटल्यावर मला उत्साह आला आणि मी मोठ्यानं, खड्या आवाजात वाचला: “सदर गुहेत कायम वास्तव्य करून असलेल्या सर्व जिवांकरिता...”

“थांबा,” चांगुणाबाई म्हणाली. “सर्व जिवांकरिता? म्हंजी गुहेत जो राहील त्याला पानी?”

“कायम वास्तव्य पाहिजे,” मी बजावलं.

“मंग झालं की!” असं म्हणून ती तरातरा खाली गेली. संध्याकाळी होमगार्ड बघतो तर बाई डोक्यावर बाज घेऊन डोंगर चढून राहिलेली. मागं नवरा, त्याच्या खांद्यावर गोधड्या. पाठीवर दळायचं जातं.

होमगार्डनं अडवलं. बाईनं आदेश तोंडपाठ म्हणून दाखवला. एक चूक नाही! होमगार्डनं मला फोन केला, मी साहेबांना केला, साहेबांनी आदेश काढून वाचला आणि म्हणाले, “भाषा फार सुंदर आहे, चंद्रप्पा. आता काही करता येणार नाही.” चांगुणाबाई गुहेत राहिली हे कळल्यावर तिची जाऊ आली, मग जावेची बहीण आली, मग पाणंदीकडची अख्खी गल्ली आली, आणि आठवडाभरात भुईसांगवी गाव घरांना कुलपं लावून गुहेत राहायला गेलं. सरपंच शेवटी आले. ते म्हणाले, मी बहुमतासोबत आहे.

हे अतिक्रमण धरावं काय, असा प्रश्न उभा राहिला. प्राध्यापक भीमाशंकर डोक्याला हात लावून गुहेत शिरले, त्यांच्या यंत्रानं हवा मोजली आणि बाहेर येऊन वेड्यासारखे नाचायला लागले. नऊशे माणसांच्या श्वासानं गुहेत अशी ओल धरली होती की चार टँकरनी धरली नव्हती. बिनडोळे दगडांखालून बाहेर येऊन भिंतीभर फिरत होते. एका मादीनं अंडी दिली होती. “ही माणसं काढू नका!” प्राध्यापक ओरडले. “ह्यांच्यासारखी ओल मला कोणी देणार नाही!” साहेबांनी टिपणीवर शेरा मारला: ‘गावकरी पूरक ओलावा म्हणून गुहेत ठेवावेत.’

गावकऱ्यांना नियम घालून देण्यात आले. गुहेत दिवा लावायचा नाही, कारण बिनडोळ्यांना त्रास होतो. मोठ्यानं बोलायचं नाही. भिंतीला टेकायचं नाही. चूल गुहेच्या बाहेर, लेण्यात. पाय टाकण्याआधी हातानं चाचपून बघायचं. आणि वा रे वा भुईसांगवी! थोड्याच दिवसांत सगळं गाव दोन्ही हात पुढं करून चाचपत चाचपत चालू लागलं. तालुक्याच्या बाजारात भर उन्हात एखादा माणूस हात पुढं करून भाजी घेताना दिसला की लोक ओळखायचे, हा भुईसांगवीचा.

लेखापरीक्षणाच्या वेळी तर कमाल झाली. पाण्याची मंजुरी बिनडोळ्यांच्या डोक्यांवर होती, आणि डोकी आम्ही पायांवरून काढतो. तोच नियम माणसांना लावला. नऊशे माणसांचे अठराशे पाय, भागिले आठ. भुईसांगवीची लोकसंख्या दोनशे पंचवीस बिनडोळे अशी निघाली आणि हिशेब पैशापर्यंत जुळला.

“म्हंजी आमी चौगीजनी मिळून एक किडा?” चांगुणाबाईनं विचारलं.

“कागदावर,” मी म्हटलं.

“असू द्या,” ती म्हणाली. “आदी तर तेवढ्या बी नव्हताव.” आणि एवढं खदखदून हसली की अंधारात चारी बाजूंनी बाया हसायला लागल्या. मोठ्यानं न बोलण्याचा नियम मोडला, पण हसण्याबद्दल नियमांत काही नव्हतं. खरं सांगतो, त्या काळ्या भगदाडात मी जेवढी हसणारी माणसं ऐकली तेवढी त्या उन्हाळ्यात उजेडात पाहिली नाहीत.

मग अर्धापूरहून व्याही आले, ग्यानोबा. खांद्यावर केळीचा घड, तोंडावर संशय. चांगुणाबाईनं त्यांना पहिल्यांदा टँकर दाखवला. मग भरलेले रांजण दाखवले. म्हणजे त्यांचे हात धरून रांजणात बुडवले, कारण दिसत काहीच नव्हतं. ग्यानोबांनी कोपरापर्यंत हात ओले केले.

“पानी हाय,” ते म्हणाले. “हाव, खरंच हाय. पन इहीनबाई, उजेड न्हाई की!”

“बाळंतिनीच्या खोलीत उजेड कवा असतोय?” चांगुणाबाईनं विचारलं. “दारं लावता, खिडक्यांत बोळे कोंबता, फटी लिंपता. वारा लागू नये, उजेड लागू नये. मंग हितं काय कमी हाय? देवानंच लिंपून दिलीया!”

ग्यानोबा विचारात पडले. बाळंतिणीची खोली म्हणून पाहिलं तर त्या गुहेला सबंध जिल्ह्यात, दोन्ही जिल्ह्यांत आणि नियोजित जिल्ह्यात तोड नव्हती. त्यांनी घड खाली ठेवला. चारच दिवसांनी पंचफुला आली. आईच्या गळ्यात पडून ती जी रडली, ती एवढी रडली, की प्राध्यापकांचं यंत्र दोन आकडे वर चढलं.

आणि तिला मुलगी झाली. सुखरूप. लेण्याच्या तोंडाशी मोठाल्या हंड्यांत पाणी तापलं, बायांनी हातोहात आत नेलं, कढत कढत पाण्यानं बाळंतीण न्हाली, लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. शेपूचा, बाळंतशोपेचा, धुरीचा वास डोंगर उतरून गावापर्यंत आला. गावात कोणी नव्हतं, पण आला. मी पेढे घेऊन गेलो होतो. अंधारात कोणीतरी ते बोचकं माझ्या हातांवर ठेवलं. गरम होतं. मूठ वळवळत होती. मला असा काही आनंद झाला की मी माझ्या नोकरीत पहिल्यांदाच काहीही न तपासता नोंद केली: दोन पाय वाढले, सबब पाव बिनडोळ्या वाढला.

इथंपर्यंत सगळे सुखी होते. गावाला पाणी होतं, पंचफुलाला माहेर होतं, बिनडोळ्याला ओल होती, जिल्ह्याला प्राणी होता. मग शिकलेल्या माणसांना बिनडोळ्याची दया आली.

झालं असं, की प्राध्यापकांनी काढलेला बिनडोळ्याचा एक फोटो मोबाइलवरून फिरत फिरत मोठ्या शहरांत गेला. फोटो खरंच गोड आहे. एवढासा जीव, पारदर्शक पाय, कोणाचं काही न घेणारा. लोकांना भरून आलं. ‘किती निरागस!’ असे हजारो अभिप्राय आले. मग एका जाणकाराचं लक्ष फोटोच्या कोपऱ्यात गेलं. तिथं अंधुक अशी दोरी होती आणि दोरीवर दुपटी वाळत होती. लेकराची दुपटी! तिथं माणसं राहतात? दुर्मिळ जिवाच्या घरात? अतिक्रमण! शहरांत संतापाची लाट उसळली. ‘बिनडोळ्या वाचवा, माणसं हटवा’ अशी मोहीम निघाली. फोटोखाली एक हिरवं बटण होतं. ते दाबलं की सही होत होती. तीन लाख सह्या झाल्या.

प्राध्यापक भीमाशंकरांनी परोपरीनं सांगितलं की अहो, ओल माणसांची आहे, माणसं गेली तर तोही जाईल. पण ते एकटे होते आणि बिनडोळ्याला नुसते भेटलेले होते. तीन लाख लोक त्याला न भेटता ओळखत होते. वरून आदेश आला. माणिकप्पांनी त्याचं स्वागत केलं, कारण जिल्हा होण्याआधीच जिल्ह्याचं नाव पुण्या-मुंबईत झालं होतं.

गुहा रिकामी करायला मीच गेलो. माणसं एकेक करून उजेडात आली आणि डोळे मिटून उभी राहिली. पंचफुला शेवटी आली. सव्वा महिना पुरा व्हायला अजून अवकाश होता. तिनं लेकराच्या डोळ्यांवर पदर धरला होता. चांगुणाबाई माझ्या शेजारून बाज घेऊन खाली उतरली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. टँकर चालू आहेत, चारही. भिंती भिजवतात. प्राध्यापक म्हणतात, आता भिंतीवर कोणी दिसत नाही.

प्रश्न उरला पंचफुलाचा. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण सासरी न्यायची नाही, यावर ग्यानोबा ठाम आहेत. आणि खाली गावात तांब्याभर पाणी नाही. सव्वा महिना ती कुठं काढणार? मी नियम काढून बसलो. नियम स्पष्ट आहे. ज्याच्या मागणीवरून माणूस उठवला, त्यानं त्याची सोय करायची. साहेबांनी विचारलं, मागणी कोणाची होती? मी सह्या पाहिल्या.

तुमची होती.

आता तुम्ही म्हणाल, मी कुठं सही केली? आठवा. जेवण झालं होतं. पंखा चालू होता. एक गोड फोटो आला, खाली हिरवं बटण होतं, आणि तुम्ही त्याच्यावर अंगठा ठेवलात. (आमच्याकडे न वाचता अंगठा लावणाऱ्याला अडाणी म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात ते कळवावं.) त्यानंतर तुम्हाला मनातून फार बरं वाटलं, आणि तुम्ही उठून गार पाणी प्यालात. बरं वाटलं ते योग्यच आहे. तुमच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही.

तरी सदर सूचनेद्वारे कळवण्यात येतं, की पंचफुलाचं उरलेलं बाळंतपण आपल्या घरी करण्याचं निश्चित झालं आहे. पत्ता मी दिला आहे. चांगुणाबाई, पंचफुला आणि पाव बिनडोळ्या आज सकाळच्या गाडीत बसले. बाळंतिणीला दोन वेळा कढत पाणी लागतं, लेकराच्या न्हाणीचं वेगळं काढावं लागतं, दुपटी धुवायला आणखी. तेवढं बघा. आणि बेल वाजली की लगेच उघडा. बाळंतिणीला दारात उभं ठेवत नाहीत.